आधी टाकीचं झाकण उघडा

मिस्त्रीकाकांना विचारा : जुन्या गाड्यांचं सदर

उन्हाळ्यात आलेली पत्रं एकत्र वाचायला घेतली, तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य सापडलं : "मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटर गेला." अहो, कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, तो इतक्या सहजी जात नाही. त्यात झिजण्यासारखं फार काही नसतंच. बिघडते ती त्याच्या मागची ओळ, म्हणजे झाकण, टाकी, नळी, फिल्टर आणि पंप. पण ते बघायचं तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं, शर्ट खराब होतो. कार्ब्युरेटर मात्र बॉनेट उघडलं की समोरच, म्हणून पहिला पाना त्याच्यावरच पडतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते पेट्रोल जिथून निघतं तिथून बघत पुढं यायला लावायचे आणि कार्ब्युरेटरला शेवटी हात लावू द्यायचे. मीही तेच सांगतो.

या वेळची पत्रं पेट्रोलचीच निवडली आहेत. एक डिझेलवाले मध्येच घुसलेत, त्यांना शेवटी घेतो.

कामाआधी थोडं, कारण हे कुणी विचारत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते आणि खड्ड्यात उतरते. त्यामुळे हे काम बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका, उघड्यावर करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाचणीपुरती लागेल तेव्हाच जोडा. उघड्या बल्बचा हँडलॅम्प नको. जवळ पावडरचं अग्निशामक असू द्या, निदान वाळूची बादली तरी. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची सवय असेल तर ती आजपासून बंद. पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतोच, पण ठसका लागून थेंबभर जरी फुप्फुसात उतरलं, तर माणूस दवाखान्यात जातो. दाबायच्या फुग्याचा हातपंप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.


प्रश्न : काका, माझी १९८८ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढायला लागलं की गचके मारते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलो की काही झालंच नाही अशी चालू होते. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला, मग दुसरा बसवला. फरक शून्य. आता इंजिन करायला सांगतायत. काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, इंजिनाला हात लावू देऊ नका. चालता चालता बंद आणि थांबल्यावर चालू, हे दुखणं इंजिनाचं नसतं. त्याची चार-पाच कारणं असतात आणि ती ओळखायची जागा म्हणजे घाटच. गॅरेजमध्ये गाडी थंड आणि शहाणी होऊन उभी असते, तिथं काही सापडत नाही.

पुढच्या वेळी बंद पडली की गाडी कडेला घ्या, मागच्या चाकाला दगड लावा आणि सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. कान देऊन उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर खर्च संपला. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, म्हणून आपण समोर दुसरं पाडतो, तसं हे दुसरं भोक. ते धुळीने बुजलं किंवा कुणी दुकानातून भलतंच बंद झाकण आणून लावलं, की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून दमतो. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून नेमकी तिथंच दातखीळ बसते. अर्धा तास थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा शहाणी. झाकण रॉकेलमध्ये धुऊन भोक मोकळं करा.

आवाज आला नाही, तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी ठिणगी बघा. एक प्लग काढा, वायरीला लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची फवार येऊ शकते, म्हणून ठिणगीचा प्लग तिथून लांब टेकवा आणि वायर रबर गुंडाळून धरा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल किंवा पॉइंटचा, म्हणजे ती वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, कंडेन्सर तापून मान टाकतोय. ही दोन्ही गरम झाल्यावर जातात आणि थंड झाल्यावर परत येतात, म्हणजे लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच. पेट्रोलचा दोष म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या मी कंडेन्सर बदलून परत पाठवल्या आहेत.

ठिणगी चांगली आहे? मग कार्ब्युरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी सोडवा, तिचं तोंड एका बरणीत धरा, कॉइलची मधली वायर काढून इंजिनाला टेकवून ठेवा आणि स्टार्टर मारा. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला जोरात पिचकारी यायला हवी. आली, तर पेट्रोल दारापर्यंत पोचतंय आणि मग कार्ब्युरेटरकडे बघायला हरकत नाही. नुसते थेंब किंवा फेस आला, तर दोष मागं आहे.

फेस आला तर तो बहुधा व्हेपर लॉक. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. पेट्रोलमधले हलके भाग ४० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात, आणि इथेनॉल मिसळल्यावर ही ओढ आणखी वाढते. घाटात इंजिन तापलं, गाडीचा वेग कमी, वारा लागत नाही, की पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप द्रव ओढायला केलेला आहे, वाफ नुसती दबते आणि फुगते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते अडाणीपणा म्हणून नव्हे. ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली, तर निदान पक्कं. कायमचा उपाय असा : पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड बेकलाइटची चकती असते, ती जागेवर आहे का बघा. पूर्वी कुणी तरी पंप बदलताना ती फेकून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असू शकतं. मात्र मनाला येईल त्या जाडीची चकती टाकू नका. पंपाला ढकलणाऱ्या दांडीची चाल त्या जाडीवरच ठरते, जास्त जाड टाकली तर पंप अर्धपोटी राहतो. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल तर लांब वळवा.

थेंब थेंबच येतंय आणि फडक्यानेही फरक नाही, तर मधून ओळ तोडा. पंपाकडे येणारी टाकीची नळी काढा आणि तिथं स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या पत्र्याच्या डब्यातून वेगळी नळी जोडा. हे घरी, गाडी उभी असतानाच करायचं, डबा इंजिनापासून दूर जमिनीवर. डबा घेऊन गाडी रस्त्यावर काढायची नाही. इंजिन रेस करून बघा. डब्यावर ठणठणीत आणि टाकीवर मरगळलेली, तर पंप निर्दोष आहे. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या पट्ट्यात.

या पट्ट्यातला एक दोष चांगल्या चांगल्यांना चकवतो. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे तिथल्या रबरी नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणून मिस्त्री म्हणतो नळी ठीक. नळी वाकवून बघा, वळणावर बारीक भेगा दिसल्या तर बदला. जुन्या गाडीतली रबरी नळी तशीही चार-पाच वर्षांत बदलावीच, ती काही फार महाग नाही.

दुसरा दोष टाकीच्या तळातला गंज. चालताना पापुद्रे ओढीने जाळीवर येऊन चिकटतात, गाडी बंद केली की सुटून खाली पडतात. म्हणून थांबल्यावर पुन्हा चालू! झाकण उघडं ठेवा, पंपाकडची नळी काढा आणि सायकलच्या हातपंपाने उलटी हवा मारा. टाकीत बुडबुड्यांचा आवाज मोकळा यायला हवा. कॉम्प्रेसर लावू नका, जुना पत्रा फुगतो. हवा मारल्यावर आठवडाभर गाडी छान चालली आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर टाकी उतरवून धुवायला हवी. रिकाम्या टाकीला घरी डाग मारून भोक बुजवायचा विचारही करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत नुसती वाफ असते.

आणि तुमचा पहिला कार्ब्युरेटर टाकून दिला नसेल तर परत घ्या. तो बहुधा चांगला असणार.


प्रश्न : मिस्त्रीकाका, बाबांची १९९६ची मारुती ८०० आहे. ते गेल्यावर दोन वर्षं सोसायटीत झाकून ठेवली होती. नवी बॅटरी घातली. कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं की चालू होते आणि लगेच बंद. टाकीत काटा अर्ध्यावर आहे. मला गाडी विकायची नाही, चालवायची आहे.
– वाचक ताई, ठाणे

उत्तर : ताई, चालू होते म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे. अर्धं काम झालं.

पण तोंडात पेट्रोल ओतणं थांबवा. इंजिनाने उलटा ठसका दिला की ज्वाळा वर येते आणि हातात पेट्रोलची वाटी असते. करायचंच तर सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने दोन-तीन मिलि घाला, पिचकारी दूर ठेवा, एअर क्लीनर परत बसवा आणि मगच किल्ली फिरवा.

आता टाकी. दोन वर्षांचं पेट्रोल पेट्रोल राहिलेलं नाही. हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट होत जातो. वास घेऊन बघा, पेट्रोलऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला तर तेच. त्यातच इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा प्रमाणाबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडी पेट्रोल ओढते ती तळातूनच! त्यामुळे 'वर नवं पाच लिटर टाका, चालून जाईल' हा शेजारचा सल्ला ऐकू नका. जुनं सगळं बाहेर काढा. एका काचेच्या बरणीत थोडं घेऊन तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी दोनदा धुवावी लागेल. काढलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही. ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांना सुटे भाग धुवायला चालतं.

मग फिल्टर बदला. फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे. तुमच्या गाडीच्या पंपाला तीन तोंडं आहेत : एक टाकीतून येणारं, एक कार्ब्युरेटरकडे जाणारं आणि एक जादा पेट्रोल परत टाकीत नेणारं. नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. येणारी आणि परतीची उलटी लागली, तर तुम्ही महिनाभर माझ्यावर चिडाल.

ताजं पेट्रोल घालून सातारच्या सरांना सांगितलेली बरणीची चाचणी करा. पंपाने काहीच ओढलं नाही, तर आतल्या झडपा सुकून चिकटल्यात किंवा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला रबरी पडदा, कडक झालाय. या पंपाची दुरुस्ती करत बसू नका, नवा टाका.

पंप पिचकारी मारतोय, तरी इंजिन उपाशी? मग फ्लोटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत तरंगणाऱ्या डबीच्या, वरची सुई चिकटली आहे. ती उघडते तेव्हा कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल येतं. सुकलेल्या पेट्रोलच्या राळेने ती बंद अवस्थेतच धरली जाते. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने नळी जिथे आत जाते त्या जागी हलके टकटक करा. पुष्कळदा एवढ्यानेच सुटते. एअर क्लीनर काढून आत बघत, इंजिन बंद ठेवून, ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढा. आत बारीक धार पडली की वाटीत पेट्रोल आलं असं समजा.

यानंतर गाडी चालेल, पण बहुधा रेस दिली तरच. पाय काढला की बंद. म्हणजे स्लोचा जेट, इंजिन मंद चालताना ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं तो भाग, बुजला आहे, तो सगळ्यात बारीक असतो म्हणून पहिला जातो. काही कार्ब्युरेटरना स्लोच्या वाटेवर विजेचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, असते. किल्ली चालू केल्यावर 'टक' आवाज आला नाही तर आधी तिची वायर बघा, ती उंदरांना फार आवडते. आता कार्ब्युरेटर उघडायची वेळ आली, आणि ती खऱ्या अर्थाने आली आहे. पहिल्यांदाच उघडत असाल तर शेजारी जाणता माणूस बसवा, स्वच्छ पांढऱ्या कापडावर काम करा.

बाबांची गाडी ठेवताय, बरं वाटलं. दर आठवड्याला एकदा दहा-पंधरा किलोमीटर काढा. पार्किंगमध्ये नुसतं इंजिन चालू करून बंद करण्याचा काही उपयोग नाही, त्याने बॅटरी आणि सायलेन्सर दोन्ही खराब होतात.


प्रश्न : जेट साफ करायला तांब्याची तार चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. जेट पितळेचा असतो आणि त्याचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं. सोलेक्स कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवर १२० लिहिलं असेल तर भोक १.२० मिलिमीटर. तारेने ओरखडा पडला की आकडा तोच राहतो, भोक वेगळं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारा, रात्रभर भिजवा, हवा मारा. फारच हट्टी असेल तर मासे पकडायचा तंगूस घाला. उजेडाकडे धरून गोल प्रकाश दिसला की झालं.


प्रश्न : आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. माझी १९९२ची गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, सकाळी चोक जास्त वेळ लागतो, ॲव्हरेजही पडलं. मित्र म्हणतात हा मनाचा खेळ आहे. खरं काय?
– गाडीवेडा, नाशिक

उत्तर : मित्रांना सांगा, हे गणित आहे. हे पेट्रोल २०२३च्या फेब्रुवारीपासून पंपांवर यायला लागलं. तुमची गाडी त्याच्या ३१ वर्षं आधीची, तिचे जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने घातलेले.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्के मिसळल्यावर हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीला सायलेन्सरमध्ये सेन्सर असतो, ती ओळखून पेट्रोल वाढवते. तुमच्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो. मिश्रण साधारण आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पातळ मिश्रण म्हणजे सकाळी चोक जास्त, चढावर ओढ कमी, पाय सोडताना कार्ब्युरेटरमधून खोकला आणि इंजिन गरम. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असायला हवा, पांढराफटक असेल तर हेच.

उपाय महाग नाही. मुख्य जेट एक पायरी मोठा टाकायचा. भोकातून जाणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, व्यासाच्या वर्गावर. आठ टक्के पेट्रोल वाढवायला व्यास चार टक्के वाढला की पुरे. समजा तुमचा जेट १२० आहे, तर १२५. त्याच्यावर जाऊ नका. टाकल्यावर २०-२५ किलोमीटर चालवा, प्लग परत बघा. काळी कोरडी काजळी दिसली तर जास्त झालं. स्लोचा स्क्रू नंतर कानाने लावा.

ॲव्हरेजचं मात्र काही करता येणार नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, म्हणजे वीस टक्क्यांमागे सहा-सात टक्के घट ठरलेलीच. लिटरला १४ देणारी गाडी १३ देईल. पूर्वी १४ देत होती आणि आता १० देतेय असं कुणी म्हणालं, तर दोष इथेनॉलवर ढकलू नका, ब्रेक धरतोय का आणि चोक पूर्ण उघडतोय का ते बघा. हल्ली इथेनॉलच्या नावावर सगळंच खपतं.

ताकदीपेक्षा मला काळजी रबराची. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम, सुईचं रबरी टोक हे इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. नळी घेताना साधी काळी 'पेट्रोल पाइप' म्हणून विकतात ती घेऊ नका. अंगावर 'एस.ए.ई. जे३० आर९' छापलेली मागा. दुकानदार आधी नाही म्हणेल, मग आतून काढून देईल. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवतं, तो सगळा फिल्टरमध्ये येतो, तेव्हा पहिल्या चार-पाच टाक्यांनंतर फिल्टर बदला.

पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे हे घरी बघता येतं. आकडे छापलेल्या उभ्या काचेच्या नळीत ९० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला, तर वाढलेले १८ मिलि इथेनॉल, म्हणजे बरोबर वीस टक्के.


प्रश्न : माझी पेट्रोल ॲम्बॅसिडर पूर्वी ऑइल प्यायची. गेले दोन महिने ऑइल कमी होत नाही, उलट डिपस्टिकवर थोडं वाढलेलं दिसतं. इंजिन सुधारलं असं समजायचं का?
– एक शेतकरी, अकोला जिल्हा

उत्तर : दादा, हे वाचत असाल तेव्हा गाडी उभी असेल तर उभीच राहू द्या. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात पेट्रोल पडतंय.

डिपस्टिक काढून वास घ्या. एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, चांगलं ऑइल जागेवर बसतं, पेट्रोल मिसळलेलं भराभर पसरतं आणि कडेला फिकट कडं उमटतं. इंजिनच्या अंगाला बसवलेल्या पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार दिवस टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठते, ठिणगी मिळाली तर स्फोट होतो.

पंप काढून उलटा करा, खालच्या बाजूतून पेट्रोल ठिबकलं तर फाटलाच. डायफ्रामचं किट घाला किंवा पंपच बदला, आणि ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही नवीन. जुनं ऑइल 'अजून काळं झालेलं नाही' म्हणून ठेवू नका. पंप कोरडा निघाला, तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय. रात्री गाडी उभी असताना वाटी ओसंडून पेट्रोल सिलिंडरमधून खाली जातं. अशा गाडीला सकाळी पेट्रोलचा वास येतो, चालू व्हायला वेळ लागतो आणि सुरुवातीला काळा धूर निघतो.


प्रश्न : टाकी फुल्ल केली की दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास येतो, मग जातो. मेकॅनिकला गळती सापडत नाही. सासऱ्यांची फियाट आहे, घरी सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर.
– एक गृहिणी, फोंडा, गोवा

उत्तर : वहिनी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फुल्ल असतानाच वास, म्हणजे गळती टाकीच्या वरच्या भागात. मेकॅनिकने खालून बघितलं असणार. तीन जागा : भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा रबरी गळा, हवेची बारीक नळी, आणि काट्याची वायर जिथे टाकीत जाते तिथली चकती. चकतीखालचं पॅकिंग आकसलेलं असतं, स्क्रू आवळून फायदा नाही, नवं घाला. तिथं काम करताना बॅटरी सोडवायला विसरू नका. तुमच्याकडची खारी हवा पत्रा खाते, म्हणून टाकीच्या वरच्या शिवणीवरूनही हात फिरवा. माती बसते तिथं आधी भोक पडतं. तोवर अर्धी टाकीच भरा.


प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, जुना पंप काढून नव्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप टाकू, कटकट संपेल. टाकू का?
– वाचक, इचलकरंजी

उत्तर : इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे तीन बारचा दाब देतो, म्हणजे ४० पौंडांच्या वर. तुमच्या कार्ब्युरेटरची सुई तीन-चार पौंड धरते. पंप चालू होताच सुई हार मानेल आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल. आग लागेल. नकोच. कार्ब्युरेटरसाठी केलेला अडीच-तीन पौंडांचा इलेक्ट्रिक पंप मिळतो, तो चालेल, पण इंजिनाच्या ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच त्याला हवाच. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल ते तुम्हीच बघा. माझं विचाराल तर, इंजिनावर चालणारा साधा पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो, आणि मला तोच बरा वाटतो.


प्रश्न : डिझेलवाल्यांनी काय पाप केलंय? जीपचं डिझेल वाटेत संपलं. भरल्यावर चालूच होईना, बॅटरी बसली.
– जीपवाला, जुन्नर

उत्तर : पाप काही नाही, हवा आहे. डिझेलच्या ओळीत हवा शिरली की स्टार्टर मारून ती निघत नाही, बॅटरी मात्र बसते. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा बोल्ट दोन आटे ढिला करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की हातपंप दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या बोल्टवर तेच. तरीही न उठली, तर इंजेक्टरकडच्या नळ्यांचे नट एकेक ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल दिसलं की आवळा. फवाऱ्यासमोर हात धरू नका, तो कातडीच्या आत घुसतो. आणि बोल्टखालची तांब्याची वॉशर प्रत्येक वेळी नवी टाका. जुनीच घातली, तर तिथूनच पुन्हा हवा ओढेल आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र लिहाल.